चढावरची गाडी

प्रिय बाबा,

आई सांगत होती, माझं नाव निघालं की तुम्ही ताटावरून उठता. उठा. पण आधी हे वाचा.

अल्बम पूर्ण झाला. सगळी गाणी रस्त्यावरची आहेत, व्हॅनच्या मागच्या सीटवर वाद्यांच्या पेट्यांत अंग मुडपून केलेली. एक पंक्चरवाल्याच्या बाकड्यावर सुचलं, एक बंद पडलेल्या पेट्रोलपंपावर. चाली आईच्या अंगाईच्या वळणाच्या, पण सोबत सॅक्सोफोन, डबल बेस आणि जॅझचा ठेका. काका म्हणाले म्हणे, पोरीनं पदवी घेऊन बँडबाजा धरला. त्यांना सांगा, लग्नाच्या ऑर्डरी अजून घेत नाही.

घरातली पहिली पदवीधर मी, आणि ट्रक चालवून तुम्ही मला शिकवलंत, हे विसरलेले नाही. पण सुट्टीत तुमच्या शेजारी केबिनमध्ये बसून जे शिकले, तेही शिक्षणच होतं. घाटात समोरून भरलेली गाडी चढत असली की तुम्ही उतारावर थांबायचात, दिवा मिचकावून तिला वाट द्यायचात. आपणच का थांबायचं, म्हणून मी रुसले होते. तुम्ही म्हणालात, चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलत नाही गं ती.

जॅझमध्येही तसंच असतं. एकजण एकटा वाजवू लागला की बाकीचे हात आवरतात, हळू ठेका धरून त्याला वाट देतात. आमच्या बँडमधले सॅक्सोफोनवाले आजोबा हे समजवायला लागले तेव्हा मला हसूच आलं. अल्बम काढणाऱ्या कंपनीच्या साहेबांना मात्र गाण्यांतल्या त्या जागा रिकाम्या वाटल्या. भरून टाका, नाहीतर विकणार नाही, म्हणाले. मी भरल्या नाहीत.

रविवारी तुम्ही मला न्यायला येताय, सोमवारी मी शाळेत रुजू होणार असा शब्दही देऊन बसलाय, हे आईच्या तोंडून निसटलं. म्हणून हे पत्र. या, जरूर या. त्याच संध्याकाळी या गाण्यांचा पहिला कार्यक्रम आहे, पुढच्या रांगेत तुमची खुर्ची ठेवलीय. पण माझी बॅग उचलू नका. मी येणार नाही. सोमवारी सकाळी आमची व्हॅन पुढच्या गावाला निघते. बाबा, गाडी भरलेली आहे आणि अर्धा चढ अजून बाकी आहे. आणि चढावरची गाडी तुम्ही आयुष्यात कधी अडवली नाहीत.

तुमचीच,
भिंगरी