घडी घालून कापलेला मनोरा

बाई, तुम्ही गाव सोडून पंधरा वर्षं होत आली आणि मी अजून गावोगावच्या भिंती रंगवत फिरतोय. परवा मेढ्यात एका हॉटेलावर मोर काढला, पिसारा असा साधला होता... मोराचं राहू दे. आपल्या शाळेच्या भिंतीबद्दल लिहायचंय.

तुम्ही रविवारी दारोदार फिरून गावातली माणसं मोजलीत. त्यांचा लोकसंख्येचा मनोरा शाळेच्या भिंतीवर काढायचा होता: वयाच्या पट्ट्या एकावर एक, डावीकडं पुरुष, उजवीकडं बायका. "सगळ्यात खालची पट्टी लहान पोरांची. ती रुंद, तर गाव वाढणार," तुम्ही सांगत होता. "पण पोरींची बाजू बघ, आखूड आहे. आज पोरी कमी, म्हणजे वीस वर्षांनी आया कमी, मग पट्टी दोन्हीकडनं आखडणार. हे गावाला भिंतीवर दिसू दे." आणि आकड्यांची वही माझ्या हातात दिलीत. माझ्यासारख्या उनाड पोरावर एवढा भरवसा कुणी टाकला नव्हता. पण औंधला यमाईची यात्रा, कुस्त्या! मी जुने पेपर चिकटवले, मधोमध घडी घातली, एकाच बाजूनं कात्री चालवली. कागद उघडला, झाला मनोरा, दोन्ही बाजू सारख्या. तो छापा भिंतीला लावून रंग मारला आणि यात्रेला पळालो.

सव्वीस जानेवारीला पडदा सरकला. सरपंच मोठ्यानं म्हणाले, "आवं बाई, पोरी तर पोरांएवढ्याच हायत की! उगं गावाची बदनामी करत हुता व्हय?" सगळे हसतायत. मी रांगेत अंगठ्यानं माती उकरतोय, तुम्ही माझ्याकडं बघताय. मग म्हणालात, "चूक माझी झाली." नंतर वर्गात एवढंच विचारलंत, "एवढ्या पोरी कुठनं आणल्यास रं? वही दे माझी." मी म्हटलं, घरी राहिली. रोज तेच सांगत राहिलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही गेलात.

काल गावात गेलो. सरपंचांचा पोरगा माझ्याच वर्गातला, त्याच्यासाठी पोरगी बघायला ते बेळगावापर्यंत फिरून आलेत. पहिलीच्या वर्गात सहा पोरं. भिंतीवरचा रंग विटलाय, दोन्ही बाजू अजून सारख्याच. पांढऱ्याचा डबा उघडून मी उजवीकडच्या खालच्या पट्टीला ब्रश लावला, तोच दप्तरवाली एक चिमुरडी थांबली. "काका, कशाला पुसताय? चांगलं हाय की."

"जुनं झालंय," मी म्हटलं, आणि हात तिथंच थांबला. किती पुसायचं, ते मला ठाऊक नव्हतं. वही औंधच्या गर्दीत पडली, बाई. ती मी एकदाही उघडून बघितली नव्हती.