जात्यावर न बसलेला सुलतान

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥
परभणी, ता. १९ खुर्दाद १३५० फसली

चि. नीलम्मा हीस वीरुपाक्षमामाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल, तिकडील कळवीत जावे.

गाडीवान मुंजाजी ताडकळसच्या बाजाराला निघाला आहे, त्याच्या हाती दख्खनच्या इतिहासाचे पुस्तक पाठवतो. छपाई बारीक आहे आणि उर्दू अवघड आहे, पण तुझ्यापुढे अवघड काय टिकते ते मी पाहिले आहे. गेल्या वर्षी आलीस तेव्हा तुला अलिफ धड काढता येत नव्हता, आणि दिवाळीला माझ्या अदालतीच्या खटल्याची उर्दू मिसल खडाखडा वाचून दाखवलीस. माझ्या कचेरीतले अर्धे लोक तसे वाचत नाहीत.

मदरशाच्या उस्तानीबाईंना पडद्याआडून भेटलो. मोठ्या इतिहासाच्या जमातीत, म्हणजे वर्गात, यंदा सहाच मुली घेणार. शाळा उघडली की तोंडी परीक्षा, तीही उर्दूत. बहमनी सुलतान ओळीने, एकही न गाळता, हा त्यांचा ठरलेला प्रश्न. जी अडखळेल तिची रवानगी शिवणकामात.

तुझ्या अप्पांची बोली ध्यानात असू दे. ते म्हणाले, इतिहासात घेतली तर एक वर्ष तुमच्याकडे ठेवू. शिवणच शिकायचे असेल तर सुईदोरा आमच्याच दुकानात मिळतो. तेव्हा सुटीभर पाठांतर कर. माझा आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहेच, आता पुस्तकही आहे.

तुझा,
वीरुपाक्षमामा


ताडकळस, वैशाख शु. ५, शके १८६३

ती. मामांस नीलम्माचा सा. न. वि. वि.

पुस्तक पोचले. मुंजाजीने ते गुळाच्या पोत्यावर ठेवले होते, त्यामुळे पहिल्या पानाला मुंग्या लागल्या, पण सुलतानांना काही झाले नाही.

मामा, पाठांतराला घरात वेळच मिळेना. दिवसा दुकानातले लोक, संध्याकाळी पाहुणे. पहाटे बसावे तर आई म्हणते, दुसऱ्या हाताशिवाय दळण होत नाही. म्हणून मी खुंटा धरून तोंडाने नावे घोकू लागले. दोन दिवस आईने ऐकून घेतले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ही काय रडकी यादी म्हणायलीस, जात्याची चाल बिघडायली. आणि तिने आपली ओवी लावून दिली:

पहिली माझी ओवी, हसन बंधवाला
गुलबर्ग्याच्या गडावर, दिवा त्यानं लावियेला

मी थक्क झाले. मी गोष्ट सांगायची आणि घास घालीपर्यंत आईची ओवी तयार. शेजारच्या कावेरीमावशीही आता आपले दळण घेऊन आमच्याकडेच येतात. अहमद सुलतान बिदरला गेला तेव्हा आईने बिदरच्या वाऱ्यावर त्याचा शेला वाळत घातला. दाऊदने पुतण्याला मारले म्हणून त्याला अर्धीच ओवी मिळाली. मला आजवर आई चांगल्या भाकरी करते एवढेच माहीत होते.

आता नावे आपोआप येतात. मामींना नमस्कार. माझ्यावरची माया उन्हाने आटू देऊ नये.

आपली,
नीलम्मा


परभणी, ता. ३ तीर १३५०

चि. नीलम्मास आशीर्वाद.

कार्डावर जागा थोडी, म्हणून थोडक्यात रागावतो. सुलतानांना बंधू म्हणतेस? उस्तानीबाईंसमोर परीक्षेला जाते घेऊन जाणार आहेस काय? परीक्षा उर्दूत आहे आणि अक्काची ओवी ताडकळसच्या बोलीत. हे खूळ सोड आणि भिंतीकडे तोंड करून पाठ कर. अक्काला सांग की बायकांच्या गाण्यात इतिहास मावत नसतो. बाकी प्रेम आहे तसेच आहे.

वीरुपाक्ष


ताडकळस, वैशाख व. ३, शके १८६३

चि. वीरुपाक्षास भागाक्काचे आशीर्वाद. (आई सांगते आहे, मी लिहिते आहे. बोलते तसेच लिही, एक शब्द बदलू नको, अशी ताकीद आहे. – नीलम्मा)

तुझं कारड पोचलं. तू तीर लिव्ह नाहीतर खुर्दाद, आमच्याकडं वैशाखच हाय अन् ऊन लय हाय. तू अदालतीत कारकून झालास, चांगलं झालं. पर पाढे कुठं शिकलास ते इसरलास व्हय? माय गेल्यावर तुला मांडीवर घेऊन मी दळत व्हते. पंतोजीच्या छडीनं न आलेला सतराचा पाढा माझ्या जात्यावर आला तुला. अजून सतरा साते म्हणताना तुझी मान जात्यासारखी फिरती, तुझ्या बायकोनंच मला सांगितलंय. तवा गाण्यात काय मावतं ते मला शिकवू नको.

पोरगी लय गुणाची हाय. (हे लिहायला लाज वाटते, पण ताकीद आहे.) पर घरकामात ध्यान न्हाई. परवा फोडणीत हिंग घालायच्या येळेला मुजाहिदाचं मरण सांगत बसली. मुजाहिद मेला अन् तेलबी जळालं.

आता मुद्द्याचं. त्यो हुमायून. पोरगी म्हणायली, बुकात लिव्हलंय, त्यानं पाठच्या भावाला वाघापुढं टाकलं. ऐकलं अन् मी खुंटाच सोडला. जात्यावर बाया भावाला गातेत रे. भावाला मारणाऱ्याला कसं गावं? दाऊदाला अर्धी तरी दिली, ह्याला मूठभर कोंडाबी न्हाई. ह्याला मी माझ्या जात्यावर बसू देणार न्हाई.

(मामा, मी रोज भांडते. म्हणते, एकही गाळून चालत नाही. आई म्हणते, उस्तानीबाईनं इथं येऊन खुंटा धरावा अन् मग सांगावं. हुमायून मी एकटीने वेगळा पाठ केला आहे. काळजी नसावी.)

पोरीला तुझ्या वटीत घालायलेय. तिला ऊन लागू देऊ नको अन् तिला लय बोलूबी नको. लोभ ठेव म्हणून लिव्हत न्हाई, त्यो तुला मीच लावलाय.

भागाक्का


परभणी, ज्येष्ठ शु. १५, शके १८६३

ती. सौ. आईस नीलम्माचा सा. न. वि. वि. (अप्पा, हे तिला मोठ्याने वाचून दाखवा, मधले काही गाळू नका.)

आई, परीक्षा झाली. मामा फाटकाबाहेर उन्हात उभे होते. मुलींच्या मदरशात त्यांना आत येता येत नाही, आणि टांग्यात बसून राहवेना.

उस्तानीबाईंनी तोच प्रश्न विचारला. मी हसनपासून सुरुवात केली आणि फिरोजपाशी आले तोच डोळ्यांपुढे सगळे पांढरे झाले. एक नाव आठवेना. मग माझा हात आपोआप फिरू लागला, समोर खुंटा असल्यासारखा. मुली हसल्या. तोंडातून ओवी निघाली, तीही आपल्या बोलीत. उस्तानीबाईंनी मुलींना गप्प केले आणि मला थांबवले नाही. मी एकेक ओवी म्हणत गेले आणि तिचा उर्दूत अर्थ सांगत गेले. अलाउद्दीन झाला, आणि आई, मी थेट त्याच्या नातवावर, लहानग्या निजामावर गेले. वेगळा पाठ केलेला हुमायून वेगळाच राहिला.

त्यांनी बोट वर केले. एक गळाला, म्हणाल्या. विसरले म्हणून सांगता आले असते. पण मी खरेच सांगितले, की आमच्या आईने त्याला बसू दिले नाही, आणि का ते सांगितले. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग हुमायूनबद्दलच एकामागून एक प्रश्न विचारले, आणि मला सगळे येत होते. वैशाखभर तुझ्याशी त्याच्यावरूनच भांडले होते ना मी!

शेवटी त्या म्हणाल्या, की त्याच्या काळच्या लोकांनीही त्याला जालिमच, म्हणजे जुलमीच, म्हटले आहे, तुझ्या आईचा न्याय बरोबर आहे. पण जालिमाला गाळले तर वाघापुढे गेलेला भाऊही त्याच्याबरोबर गळतो, हे आईला सांग. त्यांनी माझे गुण कापले आणि सहावे नाव माझे लिहिले. हुमायूनची ओवी करून आणायची, हा माझा पहिला अभ्यास आहे.

तेव्हा आई, आता तुला गाणे भाग आहे. परत येताना टांग्यात मामांची मान हळूहळू फिरत होती, बहुधा सतराचा पाढा चालला होता. ते म्हणाले, अक्काला लिही, कार्डावरचे माझे ते वाक्य मी मागे घेतो.

इथे पीठ गिरणीतून येते. भाकरी गोड लागत नाही. तुझी आठवण येते.

तुझी,
नीलम्मा


ताडकळस, ज्येष्ठ व. ६, शके १८६३

चि. नीलम्मास व चि. वीरुपाक्षास आईचे आशीर्वाद. (लिहिणार तुझे अप्पा, बसवंतराव. मलाही तीच ताकीद आहे.)

पत्र ऐकलं. तीनदा वाचून घेतलं. दोन दिस मी अन् कावेरी ओवी जुळवीत दळत व्हतो. उस्तानीबाई बरूबर बोलली. त्यो मेलेला भाऊ मी इसरले व्हते. काल येरवाळी, पहाटंच, शेवटचा घास घालताना आली ओवी, ती घे:

दळण सरलं बाई, उरला एक दाणा
हुमायून राजा त्याला, बंधू म्हणवेना

वाघानं खाल्ला भाऊ, बहीण कुठं रडे
नाव तिचं बुकामंदी, कुनाला सापडे

त्या मेलेल्या भावाला बहीण असंलच की गं. पुस्तकात बघ. सापडली की मला कळव, तिची येगळी ओवी करायची हाय. उस्तानीबाईला माझा सलाम सांग. वीरू, पोरीला जवारी धाडायलेय, ती मात्र घरीच दळून घ्या.

भागाक्का

ता. क. माझ्या तर्फेने. वीरुपाक्षराव, कालपासून दुकानात गिऱ्हाईक आले की मी त्याला ही ओवी ऐकवतो आणि मग वजन चुकते. आपली बोली एका वर्षाची होती. ती मी मोडतो आहे. त्या बहिणीचे नाव सापडेपर्यंत नीलम्माला तिथेच राहू द्यावे.

बसवंतराव