मेलिसकाकांच्या दोनशे बारा चुका

मी, उल्का बळवंत निरगुडकर, वय चौपन्न, राहणार कनाटा, ओटावा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून ठेवते की, ही माझी शेवटची इच्छा. दबाव आहे तो स्वादुपिंडातल्या गाठीचा. तिला मिळकतीत वाटा नाही. डॉक्टरांनी उन्हाळ्याविषयी बोलायचं टाळलं, त्यावरून समजायचं ते समजले.

१. राहतं घर चिरंजीव निमिष, राहणार बर्नाबी, यास. तो फोनवर "आई, डोंट बी ड्रॅमॅटिक" म्हणतो आणि मग बराच वेळ फोन ठेवत नाही. घरासोबत बर्फ उपसायचं शोव्हलही त्याचंच. रस्ता साफ करणारी प्लाऊ गाडी ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फ ढकलून जाते, तो आधी काढावा, बाकीचा थांबतो.

२. मंडळाच्या दिवाळी अंकात माझे लेख "जरा सौम्य करून" छापणारे श्री. जयदीप यांस माझी लाल पेनं. त्यांची संपली असतील. शोकसभेत त्यांनी बोलू नये. बोललेच तर सौम्य करून बोलावं.

३. आता जे माझं नव्हतं त्याविषयी.

शेजारच्या बेसमेंटमध्ये मेलिसकाका राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, मूळचे किरगिझस्तानातले मेंढपाळ, लेकीकडे आलेले. त्यांच्या लोकांनी लाखो ओळींचं महाकाव्य कागदाशिवाय, तोंडातोंडी सांभाळलं, आणि काका ते गाणाऱ्यांपैकी. वाद्य नाही. मांडी घालायची, डोळे मिटायचे, हात लगाम धरल्यासारखे. ते पाठ करायचं नसतं. समोर कोण बसलंय त्यावर गाणारा ते दर वेळी नव्याने बांधतो: मुलं असली तर घोडे वाढतात, विधवा असली तर विलाप.

हे मला त्यांची नात आयजान हिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण मी सॉफ्टवेअर टेस्टर. एकच बटण दोनदा दाबून दोन उत्तरं आली तर ती चूक, या एका अकलेवर मी सत्तावीस वर्षं पगार घेतला. मी त्यांचं एकच आख्यान दोनदा रेकॉर्ड केलं, आयजानकडून अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं, दोन्ही शेजारी शेजारी लावली आणि दोनशे बारा फरक लाल केले. वर मथळा दिला: 'चुका'. छापलं, स्पायरल बांधलं आणि काकांना वाढदिवसाची भेट म्हणून दिलं. सोबत पेढे.

पुढच्या खेपेला काका डोळे उघडे ठेवून गायले. नजर कागदावर. सहाव्या ओळीला थांबले.

"ही इज आस्किंग, विच वन इज करेक्ट?" आयजान म्हणाली.

मी गाढवीण. मी पहिल्या रेकॉर्डिंगचा पान नंबर सांगितला.

त्याला चौदा महिने झाले. काका त्यानंतर गायलेले नाहीत. मी माफी मागितली, बाड परत आणलं, त्यांच्या दाराशी बसून भर दुपारी रडले. ते "किझिम" म्हणतात, म्हणजे मुली, आणि चहा ओततात. कप अर्धाच, पाहुण्याने लवकर उठू नये म्हणून त्यांच्यात कप भरत नाहीत. त्यांच्यामागे गाणारं कोणी नाही. मी लोकांवर खूप हसले, त्याचं मला काही वाटत नाही. हे मात्र घेऊन मरवत नाही.

४. रेकॉर्डिंग आयजानला. ऐकावं, पाठ करू नये. स्पायरलचं बाड माझ्याबरोबर जाळावं. दहनवाल्यांनी प्लास्टिक आधी काढायला सांगितलं आहे.

मेलिसकाकांना काहीही दिलेलं नाही. वकीलबाई म्हणाल्या, इथे साक्षीदाराला वारसा मिळत नाही, दोन्हीतलं एक निवडा. मी त्यांची साक्ष निवडली. माझ्या गुन्ह्याला दुसरा साक्षीदार कुठून आणू?

५. हे कलम आज, सह्यांच्या टेबलावर, हाताने वाढवत आहे.

काका म्हणाले, ऐकल्याशिवाय सही करणार नाही. मी वाचलं, आयजानने त्यांना किरगिझमध्ये सांगितलं. काका म्हणाले, पुन्हा. दुसऱ्यांदा वाचताना जयदीपरावांना गाळलं, निमिषच्या फोनपाशी अडखळले, आणि कागदावर नसलेलं बरंच बोलून बसले.

"ही सेज इट वॉज डिफरंट, आंटी."

"चुकलं का, विचार."

काकांनी नकारार्थी मान हलवली. "ही सेज, नाऊ ही बिलीव्ह्ज यू."

मग त्यांनी डोळे मिटले. हात लगामावर गेले. आवाज गंजलेला. सहाव्या ओळीला पुन्हा थांबले, डोळे उघडून टेबलावर बाड शोधू लागले. कलम चारसाठी मी ते आणून ठेवलं होतं; आता ते आयजानच्या मांडीखाली होतं. ती हलली नाही. आजोबांच्या किरगिझला आजवर इंग्रजीतच उत्तर देणाऱ्या त्या पोरीने पुढची ओळ किरगिझमध्ये म्हटली, खालच्या आवाजात, मांडीकडे बघत.

मला बाड पाठ आहे. ती ओळ त्यात कुठेच नाही.

काकांनी ती उचलली आणि पुढे निघाले.

दोनशे तेरावी. मी लाल केलेली नाही.

सही: उल्का बळवंत निरगुडकर

आम्हा दोघांसमक्ष सही झाली. गाणं संपेपर्यंत थांबावं लागलं:
१. मेलिस तुर्दुबायेव, शेजारी
२. कृतिका सबनीस, समोरच्या घरच्या

स्थळ: कनाटा, ओटावा
दिनांक: १५ मार्च २०२५. वेळ: सकाळी अकरा (खोडून) दुपारी पावणेचार