उपाशी वाकळ

सातारा,
रविवार, १८ एप्रिल १९६५

प्रिय आक्का,

शेवंताचा जयभीम. दाजींनाही सांग.

सांगलीच्या प्रदर्शनात माझ्या चित्रापुढं उभी राहून तू विचारलंस, "आता ह्ये पांगरायचं कुणी गं?" दोन महिने झाले, तो प्रश्न अजून कानात आहे. बी.ए. झाले, शाळेत मुलींपुढं तासभर बोलते, पण तुला हे पत्र लिहायला एवढे दिवस लागले.

मी बरी आहे. परीक्षा संपल्या. ऊन फार आहे, दुपारी खोलीचा पत्रा तापला की रंगसुद्धा पातळ होतात. आबांचा खोकला कसा आहे? म्हैस व्याली का? आपल्या कुंडल गावचं कुणी भेटलं की मी विचारते, पण तुझं पत्र येत नाही ते नाहीच.

प्रदर्शनाआधीचं माझं पत्र आठवलं की लाज वाटते. त्यात मी तुला समजावलं होतं की अशा चित्रात माणूस, झाड, घर शोधायचं नसतं, नुसता रंग आणि आकार बघायचे असतात. तुला समजावायची गरजच नव्हती. सांगलीत तू चित्राजवळ आलीस, डोळे बारीक केलेस आणि म्हणालीस, "उंचावरनं नांगरट बघितल्यावानी वाटतंय." त्या दालनातल्या एकाही शिकलेल्या माणसाला एवढं दिसलं नव्हतं.

वाकळीबद्दल लिहायचं तर हात अडतो, पण लिहिते.

मी कॉलेजला निघाले तेव्हा तू आईची सगळी लुगडी काढून ती शिवलीस. चौथीतून तुझं नाव काढलं ते मला सांभाळायला, आणि मी शिकायला निघाले तर उबही तूच दिलीस. होस्टेलात चार वर्षं मी तीच पांघरली. मग एका रविवारी चित्र काही केल्या जमेना. रंग कापडावर नुसते पडून राहत होते. वाकळीकडं लक्ष गेलं. तुझे ते बारीक, ओळीनं चाललेले टाके, कुठं जरा वळलेले, जुन्या हिरव्यावर तांबडा दोरा. मला जे रंगानं जमत नव्हतं ते तिथं आधीच होतं. मी कात्री घेतली आणि मधोमध चालवली.

आतून शाळूचे दाणे सांडले.

मला माहीत होतं, आक्का. शेवटचं ठिगळ लावताना आई आत चिमूटभर दाणे घालायची आणि म्हणायची, वाकळ उपाशी मिटू ने, न्हाईतर पांगरणाऱ्याला भूक लागती. तूही घातले होतेस. पण कापायच्या घाईत मला ते आठवलं नाही, आणि दाणे मी केरसुणीनं लोटून टाकले. मग तुकडे कॅनव्हासवर चिकटवले, वरून काळा आणि तांबडा रंग दिला. चित्र चांगलं झालं. हे खोटं लिहिणार नाही, चांगलंच झालं.

तू त्या कापण्यावर रागावलीस असं मी दोन महिने स्वतःला सांगत आले. ते सोपं होतं. आता खरं लिहिते. हे दाजींकडून वाचून घेऊ नकोस, सावकाश का होईना, तूच वाच.

त्या दिवशी प्रदर्शनाच्या समितीचे नानासो पाहुण्यांना घेऊन चित्रापाशी आले. पाहुण्यांनी विचारलं, "हे टाके कुणी घातले?" मी म्हणाले, "मीच." तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या मागं गेलं आणि त्यांनी विचारलं, "या कोण?" मी म्हणाले, "ओळखीच्या आहेत, गावाकडच्या."

मला वाटलं होतं तू दाराशी आहेस. तू हातभर अंतरावर होतीस, हातात माझ्यासाठी आणलेलं शेंगदाण्याच्या लाडवांचं गाठोडं. तू सगळं ऐकलंस. आणि तरी, माझं बिंग फुटू नये म्हणून, एखाद्या परक्या बाईनं विचारावं तसं तू ते पांघरायचं विचारलंस. लाडू नानासोंच्या टेबलावर ठेवलेस आणि एस.टी. धरलीस.

मी वर्गात मुलींना सांगते, राबणाऱ्याचं नाव आधी घ्यावं. असं सांगणारी मीच.

मार्चमध्ये कळलं की चित्र मुंबईच्या प्रदर्शनासाठी निवडलं आहे. आपल्या भागातून एकच. माझ्यासाठी ते किती मोठं, हे तुला सांगायला नको. मी नानासोंना लिहिलं की त्यावर दोन नावं लागतील. त्यांचं उत्तर आलं, 'चौकट करणाऱ्या सुताराचंही घालणार काय?' आणि खाली, 'नाव एकच राहील, नाहीतर चित्र वगळावं लागेल.'

तेव्हा मी सुई घेतली. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात तांबड्या दोऱ्यानं तुझं नाव घातलं, 'भामाबाई', आणि त्याखाली माझं. रंगानं लिहिलं असतं तर कुणीही पुसून टाकलं असतं. माझे टाके वेडेवाकडे आहेत, बोटं तीनदा टोचली, 'भा'चा काना तर पार आडवा झालाय. तू हसशील. नावाच्या मागं एक ठिगळ लावलं आणि आत शाळूचे दाणे घातले.

काल चित्र घेऊन सांगलीला गेले. नानासो चष्मा लावून वाकले.

"ही भामाबाई कोण?"

"माझी बहीण. त्या दिवशी तिला मी ओळखीची म्हणाले होते. हे टाके तिचेच."

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "लाडू चांगले होते हो. पण हे नाव उसवा बाई, अजून वेळ आहे. कशाला संधी घालवता?"

मी म्हणाले, "उसवायला बहिणीनं शिकवलं नाही."

त्यांनी यादीतल्या माझ्या नावावर रेघ मारली. मी चित्र चादरीत गुंडाळलं आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत आणलं. आता ते माझ्या खाटेसमोर आहे.

तुझी सख्खी बहीण,
शेवंता