छोट्या पातेल्यातला रस्सा

८ फेब्रुवारी २००७
लग्न होऊन निरगुडसरला आले तेव्हा सासूबाई चारचौघींत म्हणाल्या होत्या, "सून रांधील ते मी डोळं झाकून खाईन." आज उगाच आठवलं. उगाच नाही. लेक अक्षदा पुण्याहून तीन बाटल्या ठेवून गेली. इटालियन रेड वाईन, तिच्या मते स्वस्तातल्या.
नारायणगावकडे नवी वायनरी निघतेय. पाहुण्यांच्या जेवणासाठी त्यांना बचत गट हवाय. त्यांची वाईन अजून पिंपात आहे. मॅनेजर म्हणाला, तोवर इटालियनवर प्रॅक्टिस करा, कुठल्या वाईनबरोबर कुठला पदार्थ ते ठरवा, एक मार्चला ट्रायल द्या. गटाची अध्यक्ष मी. म्हणजे हा अभ्यास आहे, पिणं नाही.
आत्याबाई (सासूबाईंना, म्हणजे कोंडाबाईंना, मी हेच म्हणते) माळकरी. गळ्यातली तुळशीची माळ माझ्या लग्नाआधीची. म्हणून बाटल्या बाजरीच्या कोठीत.
निश्चय: एका वेळी दोन चमचे. चाखून थुंकायचं. अक्षदाने तसंच सांगितलंय.

९ फेब्रुवारी, दुपारी
पहिली बाटली, कियांती. तुरट. कच्चं जांभूळ चावल्यासारखी जीभ ओढली. थुंकायला मोरीत गेले तर तिथे आत्याबाई पाय धूत होत्या. गिळावी लागली.
पिठल्याबरोबर बरी लागते. खात्रीसाठी पुन्हा दोन चमचे. तसंही तोंडातलं अन्न थुंकू नये.

१२ फेब्रुवारी
मोंतेपुल्चानो. भरल्या वांग्याबरोबर फारच छान. शेंगदाण्याच्या कुटाने ती मऊ होते. शोध माझा. नवऱ्याला घोटभर दिली. म्हणाले, "खोकल्याचं औषध हाय का गं? लेबल तरी वाच आधी." ह्यांच्या जिभेला शिक्षणच नाही.
कियांती संपली. बूच सैल असणार.

१७ फेब्रुवारी
मासवडीच्या (नावालाच मास, असते बेसनाची) झणझणीत रश्श्यावर बार्बेरा घेतली. तोंडात वणवा. तिखटापुढे वाईन टिकत नाही. पण मासवडीशिवाय आमच्याकडचं जेवण कसलं?
तोडगा सापडला. रस्सा कमी तिखट करायचा आणि बार्बेरा त्यातच घालायची. उकळल्यावर दारूचा अंश उडून जातो, अक्षदाच्या पुस्तकात आहे. उरतो तो द्राक्षाचा रस.

१८ फेब्रुवारी
लिहू की नको.
मोठ्या पातेल्यात घरचा रस्सा होता. छोट्यात माझा, बार्बेराचा. आमच्याकडे छोटं पातेलं म्हणजे आत्याबाईंचं. त्यांना तिखट सोसत नाही म्हणून मीच कायम वेगळं काढते. भाकरी थापताना हे डोक्यातूनच गेलं. वळून बघते तर त्या दुसरी वाटी भरून घेतायत. म्हणाल्या, "आज हात बसला गं तुजा. लई झ्याक!" इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
सांगायला तोंड उघडलं आणि त्यात भाकरीचा तुकडा घातला.
उद्या सांगते.

१९ फेब्रुवारी
नाही सांगितलं. त्यांचा गुडघा दुखतोय. दुखण्यात माणसाला धक्का देऊ नये.

२३ फेब्रुवारी
आत्याबाईंनी मासवडी मागितली. साधीच केली. एक घास खाऊन वाटी सरकवली. "त्या दिसाची न्हाई ही. काय इसरलीस?" चेहरा लहान पोरासारखा उतरला.
संध्याकाळी त्याच रश्श्यात अर्धी वाटी घातली. खूप उकळला. त्या पोटभर जेवल्या. मी जेवले नाही. उपासाने फिटत असेल थोडं.

२६ फेब्रुवारी
शेजारच्या अंबाबाई चौकशीला आल्या. "काय घातलंस गं त्या रश्श्यात? कोंडाबाई देवळात दुसरं बोलतच न्हाईत." हे ऐकून आत्याबाईंना आणखी जोर. ठरवूनच टाकलं, परवा द्वादशीला सगळं भजनी मंडळ आमच्याकडे मासवडी खायला. त्या दिवशीसारखीच हवी. मंडळातला एकूण एक माणूस माळकरी.
साधी करून वाढेन. कुणाला कळतंय?
आत्याबाईंना कळतं.

२७ फेब्रुवारी, एकादशी, संध्याकाळी
सांगितलं. त्या वाती वळत होत्या. आधी वायनरीचं सांगितलं, मग उकळण्याचं शास्त्र, मग बाटली दाखवली. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उडून गेली म्हनतीस. मंग मला चव कशाची लागली गं?"
पुस्तकात हे दिलेलं नाही.
दुसऱ्या वेळचंही सांगितलं, मुद्दाम घातली होती ते. तेव्हा त्यांनी हातातली वात खाली ठेवली.
मंडळाला निरोप गेला, जेवण नाही. अंबाबाई कारण विचारायला आल्या तर आत्याबाई म्हणाल्या, "कंबर धरली माजी." जन्मात खोटं न बोललेली बाई.

२८ फेब्रुवारी, सकाळी
आत्याबाईंचा गळा मोकळा. माळ काढून देव्हाऱ्यात ठेवलीय. माळ घालणारे बुवा आणे गावाला असतात. पुन्हा घालायची की नाही ते बुवा ठरवणार, आणि बुवा कडक आहेत. उठल्या उठल्या ह्यांना म्हणाल्या, "सयाजी, गाडी काढ." हे मोटरसायकल पुसतायत. एवढा लांबचा रस्ता आणि त्यांचा तो गुडघा.
ट्रायल उद्या. गटातल्या बायकांना कळवलं, तुमचं तुम्ही बघा. उरलेली बार्बेरा मोरीत ओतली. वास घेतला फक्त.
गाडीवर तिसरं माणूस मावत नाही, माहीत आहे. एसटीने दोघी जाऊ शकतो. पण त्या मला नेणार नाहीत. अंबाबाईपुढे ज्यांनी मला झाकलं, त्या बुवांपुढे मला उभी करतील होय? सगळं आपल्याच माथ्यावर घेऊन येतील.
तरी चपला घालून ओट्यावर बसलेय. त्या बाहेर आल्या की म्हणणार आहे: आत्याबाई, मला संगं न्या. बुवांना काय सांगायचं ते मला सांगू द्या.