समोरचा हूक

बाबा, आज सकाळी तुमच्या जीपला समोरून हूक लावला, फसली तर ओढून घ्यायला. तुम्ही असता तर गॅरेजच्या दारातूनच मला परत फिरवलं असतं. कळमन्याजवळच्या मिस्त्रीनंही आधी तेच करून पाहिलं. "समोरून कशाले ताई? मागं हाये ना. अन् बाईची गाडी फसली त धक्का माराले दहा जण येतेत." मी म्हटलं, "धक्का नको, हूक पाहिजे. अन् बंपरले नाही, चेसिसले." तो हसला आणि कामाला लागला.

मागचा हूक तुमचा. मौद्याच्या वाटेवर तुम्ही त्यानं किती जणांना चिखलातून ओढून काढलं, ते गावात अजून सांगतात. समोर मात्र तुम्ही कधी लावू दिला नाही. "समोरून हूक लावणारा घरूनच हरून निघते," म्हणायचात आणि मिशीत हसायचात. मी नववीत असतानाचा एक दिवस आठवतो. शेताच्या वाटेवर जीप काळ्या मातीत बसली आहे. शेजारच्या शेतातले काका ट्रॅक्टर घेऊन समोर उभे, हातात साखळी. "बांधू का गा भाऊ?" "काही गरज नाही. निघते माही गाडी." मग तुम्ही फावड्यानं चाकाखाली उकरत राहता, मी दगड आणून टाकते, काका कंटाळून निघून जातात. गाडी निघाली, अंधार पडल्यावर. माझ्या हातांना फोड आले होते आणि तुम्ही जिंकला होतात.

शेवटच्या आजारपणातही तेच. पलंगावरून उठताना मी हात पुढे केला की तुम्ही भिंत धरायचात. भिंत चालायची तुम्हाला, पोरगी नाही. त्याचा राग मला अजून आहे आणि तो मी कमी करणार नाही. शेत आता मी बघते, धरमपेठेतून एकटीच जाते-येते. फसले तर कुणालाही हाक मारीन, ओढून घेईन, चहा पाजीन आणि घरी येईन. त्यात हरण्यासारखं काय आहे, ते तुम्ही कधी सांगितलं नाही. तुम्हालाही सांगता आलं नसतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच आहे, म्हणून एवढंही लिहून ठेवते. दुपारी शेतावर त्याच काकांना म्हटलं, "काका, ओढून पाहा ना जरा." जमीन कोरडी, गाडी ठणठणीत, तरी त्यांनी हौसेनं साखळी अडकवली. ट्रॅक्टर गुरगुरला, साखळी ताणली गेली, जीप जागची हलेना. काका मागं वळून ओरडले, "अवं पोरी, ब्रेक त सोड!"

खाली पाहिलं. पाय ब्रेकवर होता, पुरता दाबलेला. तो काढायला मला थोडा वेळ लागला, बाबा.