आणखी एक अनारसा

मी, कुमारी इरावती अच्युत दाते, वय साठ, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार तात्यापारा, रायपूर, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून हे लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. डॉक्टरांच्या दाखल्यात 'स्मरणशक्ती उत्तम' असे आहे. ते काही जणांना महागात पडेल.

१. घर व बँकेतील ठेवी भाची मीनल हिला. तिला मराठी कळते, पण उत्तर हिंदीत देते. म्हणून हे कलम तिला दोनदा वाचून दाखवावे.

२. तेहतीस वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत मी आणि दिवाकर बक्षी यांनी अकरा मिनिटांचे प्रहसन केले. जावई "नको" म्हणतो, सासू "आणखी एक?" म्हणत अनारसा वाढते, असे सात वेळा. एवढाच विनोद. सत्तावीस वर्षांची मी केसांत पावडर घालून साठीची सासू झाले. केबलवाल्या सुशीलने ते चित्रित करून टीव्हीवर दाखवले, आणि तेव्हापासून दर पाडव्याला अख्खा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, जेवून उठला की तेच बघत बसतो. मराठी न येणारेही ठरल्या जागी हसतात. त्यापेक्षा भिंतीवरची पाल बघावी.

३. त्याच्या पुढच्या वर्षी मला तीन स्थळे आली. मी पोहे घेऊन बाहेर आले की कोणीतरी "आणखी एक?" म्हणे आणि हशा. अभनपूरच्या मुलाची आई म्हणाली, "आमच्या घरी एक सासू आहे, दुसरी काहून आणू?" शेवटी बाबांनी दिवाकरलाच विचारले. नाटकात सात वेळा नको म्हणून सातही खाणारा हा माणूस तेव्हा एकदाच नको म्हणाला आणि त्याला चिकटून राहिला. मला फार वाईट वाटले होते, ते लपवत नाही.

४. मी गेल्यावर सुशीलने प्रहसनाखाली 'श्रद्धांजली'ची पट्टी फिरवू नये. फिरवल्यास मीनलने त्याचे कनेक्शन बंद करावे. नाटकातले पितळी ताट कामाच्या सरिताला. तिने त्यात खुशाल कणीक मळावी.

५. दिवाकर आता विधुर आहे. तरी दर पाडव्याला येतो, टीव्हीवर स्वतःला बघून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसतो आणि माझ्या हातचे चार अनारसे खातो. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये. म्हणून त्याला साक्षीदार केले आहे.

ठिकाण: रायपूर
दिवाळी पाडवा, २२ ऑक्टोबर २०२५
सही: इरावती अच्युत दाते

साक्षीदार:
१) देवश्री लाखे, शेजारीण
२) दिवाकर बक्षी

(दोघांनी सर्व वाचले. दिवाकरने विचारले, "इरावती, मले काहीच नाही?" मी म्हटले, "तूच नको म्हणाला होता ना." मग त्याने सही केली. आज ताटातले चारही अनारसे तसेच राहिले.)